टोपीकरांचे मुलखी षड्ज हरपला त्याची हकीकत

श्री. ज्या नादातून अवघे निघाले आणि दमून भागून ज्यात अवघे परत जाते, त्यास साष्टांग नमन. पुढे वर्तमान ऐसे की, साहेबी पुसिले, "तुम्ही वकिलांचे स्वारीबरोबर समुद्रापार टोपीकरांचे राज्यात चार वर्षे होता. तेथे गाण्यापायी दरबार मोडला असे ऐकितो. खरे काय ते लिहोन देणे." त्यावरून जे डोळां देखिले आणि जे कानी आले ते लिहितो. पदरचे काही घालीत नाही. कोठे मन भरून आले तर तेवढे पदरचे समजावे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण आपले उणे परमुलखी वाचले जावे हे त्या लोकांस रुचणार नाही, आणि त्यांचे मीठ आम्ही खाल्ले आहे.

शके अठराशे तीस, कीलक नाम संवत्सर. ते समयी त्या राज्यी महाराज वृद्ध, वय ऐशीचे घरात, गालावरचे पांढरे कल्ले छातीस टेकलेले, आणि मुलूख बर्फाचा, राजधानी नदीकाठी, आणि त्या राजधानीत तोफखान्याहून गायनखाना मोठा. एकेक सभा ऐसी की नव्वद वादक एके ठायी बसावे, कोणी गज ओढावा, कोणी पितळी कर्णा फुंकावा, आणि एक असामी पुढे उभा राहून नुसती काडी हलवी, आणि त्यास मान सर्वांहून अधिक. आम्हास प्रथम हसू आले, मग पाहिले की काडी थांबली म्हणजे नव्वदही थांबतात, तेव्हा हसू आवरिले. त्यांचे स्वर आमचेच बारा, नावे काय ती निराळी. परंतु रीत निराळी. आमचे येथे तंबोरा मागे बसोन षड्जाची, म्हणजे मूळचे सा स्वराची, आठवण अखंड देत असतो, गवई कोठेही भटको, आई दारात उभी आहे हे त्यास ठाऊक असते. तेथे तंबोरा नाही. वाजविणारा षड्जापासून निघतो, मग षड्ज मागे पडतो, दिसेनासा होतो, आणि तो मनात धरूनच पुढे जावयाचे आणि फिरोन त्याचेपाशी यावयाचे. षड्ज गादीवर, पंचम त्याचा दिवाण, आणि भटकलेल्या सर्वांस गोळा करून गादीपुढे आणोन हजर करणे हे पंचमाचे काम, ऐसा तीनशे वर्षांचा शिरस्ता. आणि दरबारचा कायदा असा की, वाजविणारा षड्जावर परत आल्यावाचून सभेतून कोणी उठो नये, महाराजांनीही नव्हे, आणि ज्याने आरंभ केला त्याने किंवा त्याचे शिष्यानेच तो शेवट करावा, इतराने वाद्यास हात लावू नये. षड्ज पडला की बाहेर गाडीवान घोड्यांचे पट्टे आवळीत, भटारखान्यात पाव भट्टीबाहेर काढीत, आणि सभेत नवी लग्ने जाहलेली मंडळी एकमेकांचा हात धरीत. आम्हीही पहिले दिवशी शेजारचे गृहस्थाचा हात धरिला, त्या बिचाऱ्याने तो धरू दिला.

त्या दरबारचे मुख्य बुवा लुडोल्फ म्हणोन होते. आमचे कारकुनांनी दफ्तरी त्यांस लाडोबा लिहिले, ते त्यांस इतके आवडले की पुढे आम्हास ते लाडोबाच. वय साठीचे, अंगाने स्थूल, बोटे मात्र सडपातळ, आणि पोटभर हसणारे. त्यांची कीर्ती ही की षड्जापासून जितके दूर बुवा नेत तितके कोणी नेत नसे, आणि नेता नेता लोक व्याकूळ होत, कोणी रुमाल चावी, कोणी डोळे मिटून घेई, आणि मग बुवा सर्वांस परत आणीत तेव्हा अवघी सभा रडे. एकदा लोकांस ती चव लागली, मग थोडक्यात भागेना. दरसाल अधिक लांब, दरसाल अधिक आडवाट, आणि लाडोबाही भरीस पडले. "विरहावाचून भेटीस गोडी नाही," ऐसे म्हणत आणि आणखी एक डोंगर ओलांडीत. फार ताणिले की तुटते ही म्हण आम्हास पाठ होती, परंतु तेव्हा आम्ही ती बोललो नाही, कारण आम्हीही रडणाऱ्यांतच होतो आणि आम्हासही आणखी हवे होते. बुवांचा पट्टशिष्य कास्पर, तोच जावई. उंच, किंचित वाकलेला, थंडीने हात फुटलेले, बोलणे जेमतेम. बुवांची एकुलती कन्या अगाथा, तीस आम्ही अगाताई म्हणत असू, ती त्यास दिली होती. ती रांधता रांधता बापाच्या चिजा गुणगुणे, आणि कास्परजी आत लिहीत बसलेले असत ते लेखणी खाली ठेवून ऐकत.

पौष मासी महाराजांचा वाढदिवस आला, आणि लाडोबांनी नवी रचना केली, ती स्वये पेटीवर वाजविणार. ती पेटी म्हणजे आमची हातपेटी नव्हे. तीन पायांची, म्हशीएवढी, काळी कुळकुळीत, पोटात तारा. दोन प्रहरी आरंभ केला. तासाभरात षड्ज दिसेनासा जाहला, त्याचे कोणास नवल वाटले नाही. दुसरे तासी पंचमही ओळखू येईना. एक स्वर यावा आणि म्हणावे मीच दिवाण, तो दुसऱ्याने म्हणावे तू कोण, मी दिवाण. तिसरे तासी बुवांचे कपाळी घाम आला. आम्ही समोरच होतो. त्यांचा हात माघारी वळे, जुन्या वाटेने दोन पावले येई, आणि थबके, आणि पुन्हा निराळीकडून येई, आणि पुन्हा थबके. सात वेळा ऐसे जाहले. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेविले आणि लहान आवाजाने बोलिले, "महाराज, मज परतीची वाट सापडत नाही," आणि उठोन, मुजराही न करिता, चालते जाहले.

आता पंचाईत ऐसी जाहली की षड्ज तो पडला नाही, सबब कोणास उठता येईना. सर्व मंडळी बसोन राहिली. प्रथम वाटले बुवा तोंडावर पाणी मारून येतील. आले नाहीत. दिवस मावळला, बाहेर घोडे अर्ध्या पट्ट्यांत उभे, भटारखान्यात पाव जळोन कोळसा, सेनापतींचे पायास मुंग्या आल्या आणि ते रणात घायाळ जाहल्यासारखे कण्हू लागले, एका सरदारीण बाईंनी दुसरीचे खांद्यावर मान टाकून चक्क घोरण्यास आरंभ केला, आणि महाराजांचे वय ऐशीचे, त्यांस जी निकड होती ती लिहिणे शोभत नाही. तरी कोणी उठेना. कायदा तो कायदा, आणि खरे सांगावयाचे तर भयही होते, की षड्जावाचून उठलो तर बाहेर जाऊन उभे कोठे राहावयाचे. दुसरा दिवस उजाडला. तेव्हा खासगीचे कारभारी बसल्या जागेवरून सरकत सरकत कास्परजींपाशी गेले आणि बोलिले, "तुम्ही शिष्य, तुम्हास अधिकार आहे. जाऊन एक पट्टी दाबा आणि आम्हास मोकळे करा. महाराजांचे पाय सुजले."

कास्परजी म्हणाले, "बुवा परत आले नाहीत. मी बोट दाबून आले म्हणू?"

"कोणास कळते?"

"सर्वांस कळेल. तुम्हासही कळेल, म्हणोन तर रात्रभर बसलात."

आणि मग कास्परजी उभे राहिले, बसल्या सभेत एकटे उभे, आणि महाराजांस हात जोडोन बोलिले, "महाराज, उठावे. षड्ज यावयाचा नाही. बुवांचा दोष नाही. आपण सर्वांनी त्यांस दरसाल अधिक लांब धाडिले, आणि जेथे ते पोचले तेथून परत येण्यास आता एकही वाट खरी उरली नाही. खोटी वाट दाखवीन तर मी त्यांचा शिष्य नव्हे." महाराजांनी पेटीकडे पाहिले. मग पुसिले, "आम्ही उठावे ते कोणाचे आज्ञेने?" कास्परजी म्हणाले, "आपलेच." तेव्हा महाराजांनी कारभाऱ्याचा खांदा धरिला आणि हळूच उठले, आणि जाता जाता एवढेच म्हणाले की, ऐसे उठणे आमचेच नशिबी यावयाचे होते. त्यामागून सर्व उठले, परंतु कोणी कोणाचा हात धरिला नाही.

त्याजवर कास्परजी आपले खोलीत वर्षभर बसले आणि नवा कायदा बांधून दरबारी आणिला. तो कायदा आम्ही आमचे समजुतीप्रमाणे लिहितो: बारा स्वर म्हणजे बारा जणांची पंगत, आणि पंगतीत जसे सर्वांचे पानी एकवार वाढून झाल्यावाचून कोणाचे पानी दुसरा वाढा पडू नये, तसे बाराही वाजल्यावाचून एकही स्वर फिरोन वाजू नये. गादी नाही, दिवाण नाही, षड्ज असेल, परंतु बारांतला एक होऊन आपले पाळीस येईल आणि जाईल. आणि भर दरबारी शपथ घेतली की, "ज्या षड्जापाशी मज खरेपणी परतता येत नाही त्यास धनी म्हणोन या हाताने वाजविणार नाही." ऐसे म्हणोन वाजवून दाखविले, आणि जो हलकल्लोळ माजला तो काय वर्णावा. अर्धे म्हणाले हा राजद्रोह, अर्धे म्हणाले हीच खरी विद्या, आणि ही दुसरी अर्धी मंडळी बहुधा पहिलीस चिडविण्यापुरती म्हणत होती. छत्र्या मोडल्या, खुर्च्या उडाल्या, दोघां विद्वानांनी एकमेकांच्या दाढ्या धरिल्या, आणि सेनापतींस बहुत वर्षांत प्रथम काही काम मिळाले. महाराजांनी शिक्षा कोणास केली नाही. म्हणाले, ज्यास जुने हवे त्याने जुने ऐकावे, ज्यास नवे हवे त्याने नवे, आम्ही आता काहीच ऐकणार नाही. येणेप्रमाणे दरबारची सभा मोडली. कास्परजी आपले घरी वाजवू लागले आणि ऐकावयास मोजून सात असामी येत. आम्हीही एकदा गेलो. जत्रेत बोट सुटलेल्या पोरासारखे जाहले, जो तो चेहरा पाहावा आणि आपला कोणीच नाही. त्या दिवशी बिऱ्हाडी येऊन जेवलो नाही, आणि इतरांसारखेच आम्हीही चार ठिकाणी बोललो की, या मनुष्यास विद्या आहे, हृदय नाही. हे आमचे बोलणे चुकले, ते येथे कबूल करितो.

लाडोबांची अवस्था त्या वाढदिवसापासून निराळीच. त्यांनी जावयास शब्दाने दुखविले नाही, परंतु बोलणेही सोडिले, आणि नदीपलीकडे आपले जुने घरी जाऊन रोज सकाळी पेटीपुढे बसावे, जेथे वाट चुकली तेथपर्यंत वाजवीत यावे, आणि तेथून परतीची वाट शोधावी. एक वर्ष गेले, दोन गेली. अगाताईंनी पाहिले की बाप खंगत चालला, तेव्हा नवऱ्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्हास वाट ठाऊक आहे. मानापायी सांगत नाही." कास्परजी म्हणाले, "ठाऊक असती तर मीच नसतो का गेलो?" अगाताईंस ते खरे वाटले नाही. म्हणाल्या, "तुमची विद्या मोठी असेल. मला चुलीपाशी गुणगुणता येत नाही ती. तुम्ही वाजवू लागला की मी दार लावून घेते, आणि दार लावून किती दिवस राहू?" आणि पेटारा भरून बापाकडे निघोन गेल्या. कास्परजींनी अडविले नाही. त्यानंतर रोज सकाळी ते पुलाचे मध्यापर्यंत येत, पलीकडील खिडकीतून बुवांची पेटी ऐकू येई ती ऐकत, आणि ती थांबली म्हणजे माघारी जात. हे आम्ही स्वतः पाहिले, कारण आमची वाट त्याच पुलावरून.

शके अठराशे तेहतीस, विरोधकृत् संवत्सर, माघ मासी लाडोबांस खोकल्याने अंथरुणी पाडिले. आम्ही सुंठेचा काढा करून नेत असू. त्यांस तो तिखट लागे, परंतु आमचे मन मोडू नये म्हणोन घेत. एके दिवशी तेथले वैद्याने मान हलविली. अगाताईंनी डोक्यास रुमाल बांधिला, बर्फातून पूल ओलांडला, आणि वर्षाने नवऱ्याचे दारी जाऊन बोलिल्या, "बाबा म्हणतात मला परत न्या. दुसरे काही बोलतच नाहीत. तुमची शपथ मज ठाऊक आहे. ती मोडा म्हणावयासच आले." कास्परजींनी अंगरखाही घातला नाही, तसेच निघाले.

भर दुपार, खिडकीत बर्फाचा उजेड, आम्ही कोपऱ्यात काढ्याचे भांडे धरून उभे. लाडोबांनी पाऊल ओळखिले. "कास्पर? ये, बैस. कोठवर आलो होतो आपण?"

कास्परजी म्हणाले, "बुवा, बहुत लांब."

"मला वाटेत टाकून जाऊ नका रे. परत ने मला बाळा."

कास्परजी पेटीपुढे बसले. हात वर धरिले ते तसेच राहिले, आणि अगाताईंकडे पाहिले, त्यांनी नजर वळविली नाही. मग जी शपथ अवघ्या राज्यासमक्ष घेतली होती ती मोडली, आणि बुवा जेथे हरवले होते तेथपासून एकेक स्वर माघारी येत येत पंचम धरिला, तीनशे वर्षांचे रीतीने धरिला, आणि त्यामागून षड्ज लाविला, स्वच्छ, भरघोस, काही उणे नाही. आम्ही मनात म्हटले, आला, आला बरे अखेर. लाडोबा डोळे मिटून ऐकत होते. थोडे थांबले आणि पुसिले, "पुढे?"

"बुवा, हाच."

"हा?" बुवांनी मान उशीवर हलविली. "हा नव्हे रे. हा तर बारांतला एक."

तेव्हा कास्परजींचे जे जाहले ते पाहवेना. पेटीवर कपाळ टेकून पोराप्रमाणे रडले, आणि म्हणाले, "मीच केला तो तैसा. शपथ घेऊन केला. आता मज आणिता येत नाही."

लाडोबा म्हणाले, "तू नव्हे. लांब मी गेलो. बाकीचे आलो आलो म्हणत बसले, नाही आलो हे तू एकट्याने बोलून दाखविलेस. तेवढ्यावरून मी रुसलो, मूर्ख म्हातारा." मग खोकला आला, तो ओसरू दिला, आणि पुसिले, "तुला आठवण येते त्याची?"

"येते."

"केव्हा?"

"वाजवितो तेव्हा, बुवा. बारांस नीट वाढीत बसतो आणि सारा वेळ एकच पान रिते दिसते."

"हे मला कोणी सांगितले नाही," बुवा म्हणाले. "मग तेच वाजव. तुझे. मी ऐकलेच नाही कधी."

कास्परजींनी डोळे पुसले आणि आपले वाजविण्यास आरंभ केला, तेच ज्यास आम्ही पाषाणाचे म्हणत होतो ते. स्वर एकेक येई, जरा उभा राही, कोणी हाक मारिते काय पाही, आणि जाई. मग दुसरा येई. त्यांतला एकही पाळीआधी दुसऱ्यांदा आला नाही, एकही थांबला नाही. तेव्हा आम्हास उमजले की या गाण्यात षड्ज नाही असे नव्हे, याहून अधिक षड्ज आम्ही कोठे ऐकिलाच नव्हता, कारण जे हाताशी असते त्यास मनुष्य इतके धरीत नाही. आम्हास आमचे गाव आठवले, मेलेली माणसे आठवली. भांडे हातातच राहिले, काढा निवून गेला.

अगाताई बापाचे पायापाशी बसल्या होत्या, पावलावर हात ठेवून. वाजविणे निम्म्यावर आले असेल, लाडोबांचा श्वास एकदा लांब गेला आणि फिरोन आला नाही. ते आम्ही पाहिले, अगाताईंनीही पाहिले. आम्ही बोलावयास तोंड उघडिले, तो त्यांनी हाताने मना केले. कास्परजींची पाठ इकडे, त्यांस काही ठाऊक नाही, ते आपले बुवांस ऐकवीत होते. अगाताईंनी ते तसेच चालू दिले. मग काही वेळाने कास्परजींनी मागे न वळता, हात चालू ठेवून, पुसिले, "बुवा, ऐकता ना?"

अगाताई उठल्या, नवऱ्याचे मागे जाऊन उभ्या राहिल्या, त्याचे खांद्यावर हात ठेविले आणि म्हणाल्या, "मी ऐकते आहे. थांबू नका."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. लाडोबांस बर्फात पुरिले, महाराज स्वये अनवाणी आले. अगाताई नवऱ्याचे घरी नांदतात, आणि ते वाजवू लागले म्हणजे दार उघडे असते. आम्ही निघालो तेव्हा ऐकणारे सातांचे नऊ जाहले होते. कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हा निवाडा साहेबी करावा. आम्ही दोघांचेही घरी जेवलो आहो, आमच्याने तो होत नाही. जे हरपले ते फार गोड होते, एवढे लिहून लेखणी धुतली.